आमचे हक्काचे खड्डे

नाही हो भावोजी, इंजिनियरसाहेबांना खड्ड्यात मी ढकललं नाही. ते आपल्या पायांनी गेले, तेही उलटे चालत, आणि मी त्या वेळी चांगली दहा पावलं लांब, गिरणीच्या पायरीवर, मांडीवर चाळण घेऊन बसले होते. ढकलायचं म्हटलं असतं तरी हात पुरला नसता. तुम्हाला हे कुणी कळवलं तेही मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीतून पोतं बाहेर जात नाही, हातगाडी जात नाही, बातमी मात्र कुठं खचत नाही की अडकत नाही.

बरं, आधी रीत पाळते, नाहीतर म्हणाल वहिनी गावच्या शाळेत चार इयत्ता शिकली ती फुकटच. तर माझ्या एकुलत्या एक, डोक्यावर मोजके केस उरलेल्या, तरी रोज भांग पाडणाऱ्या धाकट्या दिरास वहिनीचे भरघोस आशीर्वाद. (मोजून घ्या. मागच्या पत्रात कमी पडले अशी तुमची तक्रार होती.) जाऊबाईंना तुमच्यापेक्षा चार जास्त, कारण त्या तुम्हाला सांभाळतात. तुमची पाठ कशी आहे? डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलंय असं कळलं. घरात तुम्ही याआधी कधी आणि कशासाठी वाकला होतात, ते त्यांनी विचारलं नाही का? माझं इकडे छान आहे. गुडघे बोलतात, पण गिरणी बंद असली की तेवढाच आवाज, मी काही त्यांना गप्प करत नाही.

आता तुमच्या मुद्द्यावर येते. (तुम्ही मुद्दा शेवटच्या ओळीत घालता आणि त्याआधी दोन पानं पाठदुखी.) आपलं ठरलेलं मी विसरलेले नाही. पुरानं खराब झालेल्या रस्त्यांसाठी वरून जो निधी आलाय, त्याच्या यादीत महिनाअखेरीपर्यंत आमची गल्ली लागली नाही, तर गिरणीला कुलूप लावायचं, मोटर विकून टाकायची आणि मी तुमच्या मागच्या खोलीत राहायला यायचं. मी फोनवर हो म्हटलं होतं. हो म्हणताना आवाज का बसला होता म्हणून तुम्ही विचारलंत, तर पीठ गेलं होतं घशात. (गिरणी त्या वेळी तीन आठवडे बंद होती, हा भाग वेगळा.)

पण खरी गंमत फोनवर सांगता आली नाही, ती आता बैजवार सांगते, तोवर तुम्ही पाठीमागे उशी घ्या. पुरानं सगळ्या गावाचे रस्ते खाल्ले. बाजाराकडचा निम्मा गेला, शाळेपुढचा तर असा गेला की शाळेलाच वाटलं आपण चुकीच्या जागी उभे आहोत. आमच्या गल्लीचा रस्ता मात्र पुरानं दुरुस्त केला! हसू नका. अकरा वर्षं ज्या खड्ड्यांनी आमची हाडं खिळखिळी केली, त्या प्रत्येकात पाणी येताना गाळ घेऊन आलं आणि जाताना तिथंच ठेवून गेलं. वरून ऊन पडलं. एके दिवशी सकाळी दार उघडते तर काय, शिंप्यानं इस्त्री फिरवावी तशी गल्ली सपाट. मी दोनदा डोळे पुसले. पलीकडच्या गल्लीतल्या बायका संध्याकाळी आमच्याकडे फिरायला यायला लागल्या. एक तर म्हणाली, "काय बाई तुमचं नशीब!" अकरा वर्षांत आमच्या रस्त्याला कुणी नावं ठेवली नाहीत असा तो पहिलाच आठवडा.

पण ते सगळं दिसायला. वरची पपडी माणसाला धरते, वजनाला धरत नाही. बाजारातल्या मोठ्या दुकानाची दहा पोती दळायला म्हणून हातगाडी आली आणि माझ्या दारापासून वीस पावलांवर तिची चाकं आसापर्यंत आत गेली. दुकानदारानं हात जोडले, म्हणाला, "काकू, रस्ता झाला की कळवा, तोवर दळण दुसरीकडे." त्याची पोती म्हणजे माझी निम्म्याहून जास्त गिरणी. उरलेले पिशवीवाले. तेही पावसाचा एक शिंतोडा पडला की यायचे नाहीत, कारण मग ही सगळी इस्त्री कणकेसारखी मऊ होते आणि चप्पल आत, पाय बाहेर अशी गत होते.

तेवढ्यात पालिकेची नोटीस लागली. ज्यांच्या रस्त्याचं पुरात नुकसान झालं त्यांनी अर्ज करा, साहेब येऊन बघतील, नुकसान डोळ्यांना दिसलं तरच नाव यादीत. आमच्या गल्लीचा अर्ज मास्तरीणबाईंनी लिहिला. (या शाळेतून निवृत्त झाल्या, लाल शाई अजून निवृत्त झालेली नाही. मी सही करायला गेले तर माझ्याच सहीतली वेलांटी त्यांनी दुरुस्त केली.) अर्ज इतका सुंदर झाला होता की वाचून शिंप्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिंपी म्हणजे आमचा अध्यक्ष. त्याला कुणी निवडलं नाही, पण बसायला लांब बाक त्याच्याच दुकानात आहे, त्यामुळे सभा तिथं आणि अध्यक्षही तोच. अर्ज गेला, उत्तर आलं, गुरुवारी सकाळी साहेब येणार. आणि मग आम्ही सगळे दुकानाबाहेर उभे राहून त्या सपाट गल्लीकडे बघत बसलो. नुकसान दाखवायचं कुठलं?

शिंपी म्हणाला, "आपण खोटं काही करायचं नाही. खड्डे आपलेच आहेत. फक्त झाकले गेलेत. ते उघडायचे."

भावोजी, देवाशपथ सांगते, एकही नवा खड्डा आम्ही खणला नाही. बुधवारी दिवसभर आम्ही आमचे जुने खड्डे शोधून काढले, आणि तेही आठवणीवर. माणूस आपल्या लेकराचा वाढदिवस विसरेल, पण आपण ज्यात पडलो तो खड्डा विसरत नाही. ज्यानं त्यानं येऊन आपापल्या जागी टाच आपटली, हा माझा, हा आमचा. शिंप्याचा खड्डा म्हणजे ज्यात त्याचं शिलाईचं यंत्र गाडीवरून पडलं होतं, तेव्हापासून ते दर सातवा टाका सोडतं. मास्तरीणबाईंच्या खड्ड्यात त्यांची एक चप्पल गेली होती, ती दोन हात खाली जशीच्या तशी सापडली. बाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला, कारण जोडीची दुसरी त्यांनी आठ वर्षं जपून ठेवून परवाच फेकली होती. माझ्या दारासमोरचा तर घराण्याचा. तुमचे दादा त्यात सायकलसकट गेले होते आणि वर आल्यावर म्हणाले होते, "पडलो नाही, जरा बसलो." (तुमच्या घराण्यात कुणी कधी पडत नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं.)

खणायचं काम आमच्या गवंड्याकडे दिलं. हीच ती चूक. आणि ती आमच्याशिवाय जगात कुणी केली नसती. हा गवंडी चाळीस वर्षं भिंती बांधतोय आणि त्याच्या हातून वाकडं काही होतच नाही. तुम्ही त्याला कपात चहा द्या, तो कप सरळ आहे का ते आधी बघेल. त्यानं दोरी ताणली, ओळंबा सोडला, कोपरा काटकोनात येतो का ते बघायला गुण्या लावला आणि प्रत्येक खड्डा असा कापला की त्यात कपाट बसवावं. मी म्हटलं, "अरे बाबा, जरा ओबडधोबड कर." तो म्हणाला, "काकू, माझं नाव जाईल." शिंप्यानं वर आपली टेप आणली आणि आपल्या खड्ड्यापाशी उभा राहून म्हणाला, सगळीकडून दोन दोन इंच जास्त धर, शिलाईत जातात. संध्याकाळपर्यंत गल्लीत एका ओळीत चौदा खड्डे झाले, सगळे चौकोनी, सगळ्यांच्या कडा झाडून काढलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं इथं आता झाडं लावायचीत किंवा चौदा जणांना पुरायचंय.

गुरुवारी साहेब आले. पंचेचाळिशीचे, पोट पुढं, बूट नवे कोरे, काखेत पालिकेची जाडजूड वही आणि हातात पोलादी टेप. आल्याबरोबर त्यांनी पहिला खड्डा बघितला. मग दुसरा बघितला. मग कोपऱ्यात बोट घातलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "हा पूर काय गुण्या घेऊन आला होता?"

आम्ही सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागलो. गवंडी मात्र आतल्या आत खूश झालेला मला दिसत होता. शेवटी शिंपी म्हणाला, "साहेब, शिस्तीचा पूर होता."

साहेब चिडले. हे हातानं खणलंय, ही फसवणूक आहे, आता तुमचं नाव मी खोडतो म्हणून त्यांनी खिशातून पेन काढलं. त्या पेनाच्या टोकाला मला तुमची मागची खोली दिसली, रंगवलेली. (रंग जाऊबाईंनी पिवळा निवडलाय असं ऐकलं. पिवळ्यात मी कावीळ झाल्यासारखी दिसते.) म्हणून मीच पायरीवरून म्हटलं, "साहेब, खड्डे आमचेच आहेत, अकरा वर्षांचे आहेत. पुरानं बुजवले, आम्ही उघडले. यात फसवणूक कुठली?"

"म्हणजे पुरानं तुमचा रस्ता सुधारला असं लिहू?"

"लिहा की. पुराचा सत्कारही करा. पण हातगाडी का बुडते तेही लिहा."

ते काही लिहिणार नव्हते, पण पेन थांबलं तेवढ्यात आमच्या गवंड्याला राहवलं नाही. इतक्या मन लावून कापलेल्या कडा आणि कुणी एक शब्द चांगला बोलेना. तो पुढं झाला आणि साहेबांना हाताला धरून दाखवायला लागला, "हे बघा साहेब, कसं चाकूनं कापल्यासारखं आलंय. वर चार बोटं पुराचा गाळ. त्याखाली विटांचे तुकडे, ते आम्हीच टाकलेले. त्याखाली मुरूम. मग काळी माती. एकेक थर मोजून घ्या."

साहेबांनी बघितलं. जरा वाकून बघितलं. मग म्हणाले, "आणि डांबर?"

गवंडी म्हणाला, "डांबर कुठलं?"

भावोजी, त्यानंतर जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात, पाठ गेली खड्ड्यात. साहेबांनी काखेतली वही उघडली. वहीप्रमाणे आमच्या गल्लीवर अकरा वर्षांत तीन वेळा डांबर पडलं होतं! एकदा नाही, दोनदा नाही, तीनदा, एकावर एक. आम्ही एका अतिशय गुळगुळीत रस्त्यावर राहत होतो आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. साहेब दुसऱ्या खड्ड्याकडे गेले, तिसऱ्याकडे गेले, प्रत्येकाच्या कडेला टेप लावली. वाकडातिकडा खड्डा असता तर काही कळलंही नसतं. पण आमच्या गवंड्यानं अशी स्वच्छ भिंत कापलेली की डांबर नाही ते आंधळ्यालाही दिसावं. साहेबांच्या कपाळावर घाम, बोटं वहीत, नजर टेपवर, आणि असेच ते मागं मागं मोजत निघाले. आम्ही सगळ्यांनी तोंड उघडलं होतं ओरडायला. पण शिंप्याच्या खड्ड्याला शिलाईचे दोन इंच जास्त होते ना.

गेले. आणि गेले ते खालीच बसून राहिले. लागलं बिगलं काही नव्हतं, गाळ मऊ असतो, बूट तेवढे गेले. पण वर येईनात. बसल्या जागेवरून डांबराची जागा त्यांच्या बरोबर डोळ्यांसमोर आली होती आणि वहीत तिसऱ्या वेळची मोजणी ज्यानं खरी म्हणून लिहिली होती, त्याच्या नावापुढं सही होती ती त्यांचीच. कधी गल्लीत पाऊल न टाकता, टेबलाशी बसून केलेली. मास्तरीणबाईंनी वरून वही वाचली आणि शाळेतल्यासारखं विचारलं, "हे तुमचंच अक्षर ना?" साहेब म्हणाले, "हो बाई." इतक्या गरिबीनं म्हणाले की मला दया आली. मी त्यांना खड्ड्यातच चहा नेऊन दिला.

मग मीच मार्ग काढला. (आता तुम्ही म्हणाल वहिनी स्वतःची टिमकी वाजवते. वाजवते. दुसरं कुणी आहे का वाजवायला?) मी काठावर बसून म्हटलं, "साहेब, एवढा मोठा पूर. बाजारातला निम्मा रस्ता नेला त्यानं. आमचं तीन थरांचं डांबर नेलं नसेल कशावरून? खालचं डांबर काढून घेतलं आणि वर गाळ पसरून ठेवला, कुणाला कळू नये म्हणून." साहेबांनी चहाचा घोट घेतला. माझ्याकडे बघितलं. आणि पेन काढलं. 'संपूर्ण रस्ता, सर्व थरांसह, पुरात वाहून गेला आहे, पूर्ण लांबीचं काम नव्यानं करणं आवश्यक.' आम्ही एवढं मागितलंही नव्हतं हो! आम्ही चौदा खड्डे बुजवा म्हणत होतो, त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नवा रस्ता लिहिला. शिंप्यानं फक्त एक अट घातली, या वेळी डांबर पडताना साहेबांनी इथं उभं राहायचं, आणि काम झालं की आमचा गवंडी जिथं म्हणेल तिथं एक चौकोन कापून बघणार. साहेब म्हणाले, "कापा, पण मला आता वर काढा."

काल यादी लागली. आमची गल्ली पहिल्या पानावर. शिंप्यानं बाकावर उभं राहून भाषण केलं, टाका सोडून सोडून. मग सगळ्यांचा विषय एकच, आपलं तीन वेळचं डांबर खाल्लं कुणी? कुणी म्हणे ठेकेदारानं, कुणी म्हणे पालिकेतल्या कुणीतरी, मास्तरीणबाई म्हणाल्या नाव कळलं की त्या अंगठे धरून उभं करतील. मीही दोन कडकडीत शिव्या दिल्या. मोठ्या दुकानाच्या दुकानदाराला निरोप धाडला, तो म्हणाला रस्ता झाला की पोती पहिल्यासारखी. तेव्हा भावोजी, वचन मोडत नाही, वचनाप्रमाणेच लिहिते, गल्ली यादीत लागली आहे आणि मी येत नाही. मागची खोली वाया जाणार नाही. तुम्ही घोरता म्हणून जाऊबाईंना झोप नसते, तुमचीच गादी तिकडे टाका.

पोरांना गोड पापा, जाऊबाईंना पिवळ्या रंगाबद्दल मी काही बोलले ते सांगू नका.

तुमची, अजून दोन्ही पायांवर उभी असलेली,
वहिनी

ता. क. मला न्यायला तुम्ही टेम्पो ठरवून ठेवलाय हे जाऊबाईंनी सांगून टाकलं. तो रद्द करू नका. पालिकेचा रस्ता गल्लीपुरता, गिरणीच्या पायरीपर्यंतचा तुकडा आमचा आम्ही करायचा आहे, असं नियमात निघालं. तेव्हा टेम्पो सोमवारी, काम सुरू होईल त्या दिवशी पाठवा, पण येताना खडी भरून. पत्राचं खरं कारण हेच होतं, बाकीचं तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं. त्यात तुम्हीही बसून या. वाकायचं नाही, नुसतं साहेबांच्या शेजारी उभं राहायचं. पुरुषमाणूस शेजारी नुसता उभा असला तरी लोकांना वाटतं मोजतोय.

ता. क. दुसरं. हे जाऊबाईंना वाचून दाखवू नका. मार्ग मी काढला असं वर लिहिलं, ते तितकंसं खरं नाही. चहा द्यायला वाकले तेव्हा साहेबांनी वहीतलं एक पान माझ्यापुढं धरलं. प्रत्येक वेळी काम झालं की गल्लीतल्या एका माणसाची सही लागते, डांबर नीट पडलं म्हणून. तिन्ही वेळा सही तुमच्या दादांच्या नावानं आहे, वेलांटी मात्र अर्जावरच्या माझ्या सहीसारखीच चुकलेली. तिसरी झाली तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. तुम्ही म्हणाल दादा असं कधी करणार नाहीत, आणि त्यांनी केलंही नाही. पहिल्यांदा ठेकेदाराचा माणूस कागद घेऊन आला, हे घरात नव्हते, मी न वाचता केली. दुसऱ्यांदा वाचून केली. तिसऱ्यांदा विचारलं, मला काय? त्यानं डांबराचा एक डबा दिला, तो मी गिरणीच्या छपराला लावला. म्हणून पुराच्या दिवसांत सगळ्या गल्लीची घरं वरून गळत होती आणि मी तेवढी कोरडी होते. साहेबांनी माझी सही बघितली होती, मी त्यांची बघितली होती, आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघत चहा संपवला, आणि मग त्यांनी लिहिलं. गल्लीत कुणाला माहीत नाही. गिरणीसाठी मी येत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू द्या. या गल्लीच्या रस्त्यातला एक डबा मी खाल्लाय, भावोजी, आणि तो रस्ता डोळ्यांनी झालेला बघितल्याशिवाय मला या लोकांना सोडून कुठं जाता यायचं नाही.